पांढरी दिवड आणि चोवीसातला एक

गेल्या पावसाळ्यात शिरोळ तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याने मला मोबाईलवर फोटो दाखवला. उसाच्या पाटात एक साप सापडला होता. अंग पिवळसर पांढरं, डोळे लाल. सर्पमित्र येईपर्यंत गावात तीन मतं तयार झाली होती. एका आजीने हळदकुंकू आणलं होतं, एका काकांनी काठी आणली होती आणि तरुण मंडळींनी हा कुणीतरी पाळून सोडलेला परदेशी साप आहे असं ठरवून टाकलं होतं. पोराने मला विचारलं, "मॅडम, ही कुठली जात?"

जात अगदी आपल्या विहिरीतली, दिवड. बिनविषारी, चिडकी, बेडूक आणि मासे खाऊन जगणारी. अंगावरच्या चौकड्या फिक्या झाल्या होत्या, पण दिसत होत्या. या एका दिवडीच्या कातडीत काळा रंग तयार झाला नव्हता, एवढाच फरक. अशा प्राण्याला अल्बिनो म्हणतात. महाराष्ट्रात असे साप अधूनमधून सापडतात. नाग, घोणस, तस्कर अशा जातींतही हा प्रकार होऊ शकतो. रानात मात्र असा साप फार दिवस टिकणं कठीण. चिखलाच्या रंगाची दिवड घारीला आणि बगळ्याला चुकवू शकते, पांढरीला ते कसं जमणार?

मी बारावीला जीवशास्त्र शिकवते, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. पण या लाल डोळ्यांकडे मी जरा जास्त वेळ पाहत राहिले, त्याचं कारण घरातलं आहे. तिथवर येते. आधी सापांचं सांगून घेते, कारण त्याशिवाय घरातलं नीट सांगता येणार नाही.

आपल्या दिवडीचे लांबचे भाऊबंद उत्तर अमेरिकेत राहतात. त्यांना गार्टर साप म्हणतात. पूर्वी तिकडे लोक मोजे घसरू नयेत म्हणून पायाला पट्टा बांधत, त्याला गार्टर म्हणत. या सापाच्या अंगावर तसेच उभे पट्टे असतात. दिवड अंडी घालते, गार्टर साप थेट पिल्लांना जन्म देतो, एका वेळी दहा-वीस, कधी त्याहून जास्त. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे इथला कुठलाही साप घरात पाळणं हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. तिकडे गार्टर साप लोक काचेच्या पेटीत हौसेने पाळतात. त्यामुळे सापाचा रंग पिढ्यान्‌पिढ्या कसा उतरतो याचा अभ्यास दिवडीवर झाला नाही, तिच्या या भाऊबंदांवर झाला.

मिशिगन विद्यापीठात फ्रँक ब्लँचर्ड नावाचे सापांचे अभ्यासक होते. त्यांची पत्नी फ्रिडा कॉब ब्लँचर्ड वनस्पतींच्या आनुवंशिकतेत डॉक्टरेट मिळवलेली. ईरी नावाच्या मोठ्या सरोवराच्या आसपास गार्टर साप कधीकधी पूर्ण काळे सापडतात. हा काळा रंग वंशाने येतो का, येत असेल तर कुठल्या हिशेबाने, हे शोधायला दोघांनी साप पाळून त्यांची पैदास केली. १९३७ मध्ये फ्रँक वारले. फ्रिडांनी काम सोडलं नाही. १९४१ मध्ये दोघांच्या नावाने निबंध छापून आला. काळा रंग मेंडेलच्या वाटाण्यांच्या हिशेबानेच चालतो आणि तो अप्रभावी आहे, हे त्यात दाखवलं होतं. सरपटणाऱ्या प्राण्यांत मेंडेलचा नियम पहिल्यांदा दाखवून देण्याचं श्रेय फ्रिडांना दिलं जातं.

अप्रभावी म्हणजे काय, ते साध्या शब्दांत असं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. रंग बनवणारी एक प्रत चालू असली तरी काम भागतं. दोन्ही बंद असतील तरच फरक दिसतो. एक चालू आणि एक बंद असलेला जीव दिसायला सर्वांसारखाच असतो, पण बंद प्रत पुढे देऊ शकतो. त्याला वाहक म्हणतात.

साप पाळणाऱ्यांचा सगळा धंदा या वाहकांवर चालतो. अल्बिनो नर आणि साधी मादी यांची पिल्लं सगळी साधी दिसतात, पण सगळी वाहक असतात. मग त्याच पिल्लांतले भाऊ-बहीण एकत्र ठेवायचे. आता सरासरी चारांत एक पिल्लू अल्बिनो निघतं. उरलेल्या तीन साध्या पिल्लांत सरासरी दोन वाहक असतात, पण कोणती दोन ते डोळ्यांनी कळत नाही. म्हणून बाजारात त्यांच्यापुढे '६६ टक्के' असं लिहून ती विकतात. म्हणजे हा साप वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रंगांचे प्रकार यावरच थांबत नाहीत. सापाच्या कातडीत काळ्या रंगाच्या पेशी वेगळ्या, पिवळ्या-तांबड्या रंगाच्या वेगळ्या, आणि उजेड परतवून चमक आणणाऱ्या वेगळ्या. काळा गेला की पिवळा-तांबडा उरतो. तांबडा गेला की काळा-राखाडी उरतो. हे दोन्ही दोष एकाच पिल्लात आणले की जवळजवळ पांढरा साप मिळतो, त्याचं बाजारातलं नाव 'स्नो'. दोन वाहकांच्या जोडीतून असं पिल्लू सरासरी सोळांत एक. जितकं दुर्मीळ तितकं महाग. पुष्कळ पिल्लं झाली की भाव पडतो आणि लोक नवा रंग शोधायला लागतात.

याची किंमत साप मोजतो. रंगासाठी जवळच्या रक्तात जोड्या लावल्या की रंगाच्या जनुकासोबत दुसरी बंद पडलेली जनुकंही जोडीने समोर येतात. त्यात पिल्लं कमजोर निघू शकतात, काही व्यंगं घेऊन येऊ शकतात. आफ्रिकेतल्या बॉल पायथन या छोट्या अजगराचा 'स्पायडर' नावाचा एक सुंदर प्रकार आहे. त्याचा हिशेब वेगळा, एकच प्रत पुरते. पण ते जनुक ज्याच्यात असतं त्याच्या कानाच्या आतल्या भागात बिघाड असतो, त्याला तोल सांभाळता येत नाही, मान डुलत राहते. तरीही तो वर्षानुवर्षं विकला गेला, कारण अंगावरची नक्षी गिऱ्हाइकाला आवडते.

आता या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटलेली गोष्ट. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ईस्टर्न मिशिगन विद्यापीठाच्या एका गटाने बॉल पायथन पाळणाऱ्यांकडून सापांच्या कातींचे तुकडे मागवले. सापाला सुईसुद्धा न टोचता, टाकून दिलेल्या कातीतून डीएनए काढला. रंगाच्या तीन प्रकारांमागची तीन जनुकं त्यांना सापडली. ज्याला पाळणारे नुसता 'अल्बिनो' म्हणतात त्यात टायरोसिनेजचं जनुक, 'लॅव्हेंडर अल्बिनो' या प्रकारात ओसीए-दोन आणि 'अल्ट्रामेल' या प्रकारात टीवायआरपी-एक. माणसांच्या डॉक्टरांना ही तिन्ही नावं जुनी आहेत. माणसातल्या अल्बिनिझमचा पहिला, दुसरा आणि तिसरा प्रकार याच तीन जनुकांमुळे होतो. जनुकं तीच आणि क्रमही सरळ लावता येतो. सापात त्याला सुंदर नाव आणि भाव मिळतो. माणसात काय मिळतं, ते मी घरात पाहिलं आहे.

माझी एक मावसबहीण अशी आहे. धाकट्या खालाची मोठी मुलगी. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, कातडी दुधासारखी. गल्लीत पोरं तिला 'अंग्रेज' म्हणायची. एका डॉक्टरने लहानपणी तिला कोड आहे असं सांगून मलम दिलं होतं. कोड नंतर येतं, डाग पडत जातात. हिचा रंग जन्मापासून असा. मलमाने काही झालं नाही, होणारही नव्हतं. शाळेत फळा दिसत नसे म्हणून ढ ठरली. अल्बिनिझम हा खरं तर डोळ्यांचा प्रश्न जास्त असतो, हे आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हतं. मेलॅनिन कमी असलं की डोळ्याचा पडदा नीट घडत नाही, बुबुळं हलत राहतात, उजेड सहन होत नाही, आणि चष्म्यानेही नजर पूर्ण सुधारत नाही. सातवीत एका बाईंनी तिला पहिल्या बाकावर खिडकीकडे पाठ करून बसवलं, आणि मुलगी वर्गात पाचात आली. आज ती राजारामपुरीतल्या एका ऑफिसात हिशेब लिहिते. संगणकावर अक्षरं मोठी करून. महिन्याचा ताळेबंद तिचा कधी चुकत नाही.

तिचे आईवडील चुलत भाऊ-बहीण. म्हणजे आमचे खालूजान माझ्या नानांच्या भावाचे चिरंजीव.

मागच्या वर्षी तिच्या धाकट्या भावाच्या लग्नाचा विषय निघाला आणि मामूंच्या मुलीचं नाव पुढे आलं. सगळे खूश. मुलगी देखीभाली, शिकलेली, माहेर दोन गल्ल्यांवर. देण्याघेण्याचा प्रश्न नाही. मी म्हटलं, थोडं बोलायचं आहे.

इथे काही वाचक मान हलवतील, मुसलमानांत चालतंच हे. त्यांना एवढंच सांगते, कोल्हापुरात मामाची मुलगी करण्याची रीत फक्त आमच्या गल्लीत नाही. इरावती कर्वे यांनी १९५३ साली आलेल्या भारतीय नातेसंबंधांवरच्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या मामेबहिणीशी लग्नाच्या प्रथेबद्दल लिहिलेलं आहे. मराठा, धनगर, कितीतरी घरांत आत्याचा मुलगा आणि मामाची मुलगी हे आधीच ठरल्यासारखं असतं. हिंदू विवाह कायद्यातही रूढी असेल तर जवळच्या नात्याला सूट आहे. आमच्याकडे शरीयतने परवानगी दिली आहे, आणि परवानगी म्हणजे आज्ञा नव्हे, हे आमच्या आलिमांनाही मान्य आहे. जनुकाला मात्र सासर-माहेरचा धर्म कळत नाही.

मामूंची ढाबळ आहे. छतावर तीस-चाळीस कबुतरं. आनुवंशिकता मी पुस्तकातून शिकले, त्यांनी ढाबळीत. निळा नर आणि राखाडी-लाल मादी जोडली की लाल निघेल तो नर आणि निळी निघेल ती मादी, हे पिसं फुटल्याबरोबर ते सांगतात. पक्ष्यांत मादीला रंगाचं हे जनुक फक्त बापाकडून मिळतं, म्हणून हा हिशेब जमतो. मी त्यांना विचारलं, "मामू, दर दोन-तीन वर्षांनी बाहेरचा नर का आणता?"

"खून पतला होता है," ते म्हणाले.

"मग घरात?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "घर कुछ ढाबळ नहीं, बेटी."

त्यांचं म्हणणं मला पटतं. कबुतरांची जोडी रंगासाठी आणि उडण्यासाठी लावतात. माणसं घरातली मुलगी करतात ती मुलीच्या काळजीपोटी. परक्या घरात तिला कोण कसं वागवेल, या भीतीपोटी. ही भीती खोटी नाही, आणि ती समजून न घेता नुसती आकडेवारी फेकणाऱ्याला कुठलंच घर ऐकून घेणार नाही. कबुतरं पाळणारा चार्ल्स डार्विनही लंडनच्या कबुतर-क्लबांत जात असे, पैदाशीचे बारकावे विचारत असे. १८३९ मध्ये त्याने लग्न केलं ते एमा वेजवूडशी, म्हणजे सख्ख्या मामाच्या मुलीशी. दहा मुलं झाली, तीन लहानपणीच गेली. जवळच्या नात्यामुळे मुलं अशक्त निघाली का, हा प्रश्न त्याला छळत राहिला. १८७१ च्या जनगणनेत चुलत-मामे लग्नांची माहिती विचारावी म्हणून त्याने खटपट केली. ब्रिटिश संसदेने ते नाकारलं.

मी कागद घेतला. भाऊ निरोगी आहे, पण त्याची सख्खी बहीण अल्बिनो. म्हणजे तो वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. साप विकणाऱ्यांचा तोच ६६ टक्के. खाला नक्की वाहक. मामू तिचे सख्खे भाऊ, म्हणून त्यांची शक्यता दोनात एक. मामी बाहेरून आलेल्या. मामूंच्या मुलीची शक्यता चारात एक. दोघं वाहक निघाले तर प्रत्येक मूल अल्बिनो होण्याची शक्यता चारात एक. तिन्हींचा गुणाकार केला की चोवीसात एक. भावाने नात्याबाहेर लग्न केलं, तर जगातली ढोबळ सरासरी धरून तीच शक्यता सुमारे चारशेत एक.

हे झालं एका जनुकाचं. आपल्या प्रत्येकात अशी काही बंद पडलेली जनुकं असतात, रंगापेक्षा गंभीर कामांची. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात पाकिस्तानी वंशाची वस्ती मोठी आहे. तिथे अकरा हजारांहून अधिक बाळांच्या पाहणीचा निष्कर्ष २०१३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. जन्मतः व्यंग असण्याचं प्रमाण शंभरात सुमारे तीन असतं, सख्ख्या चुलत-मामे जोडप्यांत ते सुमारे सहा. म्हणजे दुप्पट. आणि शंभरात चौऱ्याण्णव बाळं तरीही व्यंगाशिवाय. दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि घरात दोन्ही सांगावी लागतात. नुसतं पहिलं सांगितलं तर ती धमकी होते, नुसतं दुसरं सांगितलं तर फसवणूक.

मी हे सांगत असताना मावसबहीण खोलीतच होती. कागद तिने डोळ्यांजवळ नेऊन वाचला. मग म्हणाली, "बाजी, या चोवीसात जो एक आहे, तो मीच ना?"

कुणी काही बोललं नाही.

"मग तुझ्या हिशेबात मी तोट्याच्या बाजूला आहे का?"

हिशेब लिहिणारी बाई आहे, तिने तिच्याच भाषेत विचारलं. खालाच्या डोळ्यांत पाणी आलं. मामूंनी मान खाली घातली. मी तिला म्हटलं, "तुला जे सोसावं लागलं ते तोट्याच्या बाजूला आहे. मलम, अंग्रेज, मागचा बाक. तू नाहीस."

तिने त्यावर थोडा विचार केला. "यातलं मलम आणि मागचा बाक जनुकाने नाही दिलं," ती म्हणाली. "नजर जनुकाने दिली. ती कमी आहे, ते मी नाकारत नाही. उन्हात अंग भाजतं, तेही आहे. मूल होणार असेल तर त्याच्या आईबापाला हे आधी ठाऊक असावं. मला आमच्या अम्मीने दहा वर्षं घरात लपवलं, कारण तिला काहीच ठाऊक नव्हतं."

मग तिने पेन घेतला. कागदावर मी वर शीर्षक म्हणून 'धोका' लिहिलं होतं. तो शब्द खोडून तिने 'शक्यता' लिहिलं.

त्यानंतर जे ठरलं ते तिच्यामुळे ठरलं. आता अशी तपासणी होते. आधी अल्बिनो व्यक्तीचं रक्त तपासून नेमकं कुठलं जनुक आणि त्यातला कुठला बदल ते शोधतात. मग घरातल्या इतरांत तोच बदल आहे का ते पाहतात. मामूंच्या मुलीत तो नसेल, तर चोवीसात एक हा आकडा जवळजवळ शून्यावर येतो. असेल, तर दोघांनी समजून उमजून ठरवायचं. आमच्या मावसबहिणीने सर्वांत आधी हात पुढे केला. म्हणाली, "माझ्याशिवाय तुमची तपासणी सुरूच होत नाही." ते अगदी खरं आहे. इतकी वर्षं घरातल्या लग्नाच्या बोलण्यात तिला बाहेरच्या खोलीत पाठवलं जायचं. या वेळी तिच्यापासूनच सुरुवात झाली.

निकाल काय आला आणि लग्नाचं काय झालं, ते मी इथे लिहिणार नाही. ते त्या दोघांचं आहे. मामूंनी मात्र तो कागद घडी घालून कपाटात ठेवला आहे आणि कुणाच्या घरी नात्यातला रिश्ता निघाला की काढून दाखवतात. मामूंनी सांगितलं की लोक ऐकतात. माझं तितकं ऐकत नाहीत.

संयुक्त राष्ट्रांनी १३ जून हा अल्बिनिझमविषयी जागृतीचा दिवस ठरवलेला आहे. आपल्याकडे नेमक्या त्याच सुमाराला शाळा सुरू होतात. तुमच्या वर्गात, गल्लीत, मोहल्ल्यात पांढऱ्या पापण्यांचं एखादं मूल असेल, तर त्याला पहिल्या बाकावर बसवा, उजेडाकडे पाठ करून. टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालू द्या, गणवेशाचा नियम आडवा आणू नका. मोठ्या अक्षरांची प्रत काढून द्या. डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टी मोजली जाते, परीक्षेत जादा वेळ मागता येतो. आणि त्याच्या आईला कुणी 'ग्रहण पाळलं नाहीस का' असं विचारत असेल, तर तिला सांगा की ते मूल आईबापांच्या एकेका प्रतीने झालं आहे, बरोबरीने. त्यात एकट्या आईचा दोष शोधू नका, ग्रहणाचा तर अजिबातच नाही.